टायरमध्ये हवा येते कुठून

तिने गेजचं तोंड व्हॉल्व्हवर दाबलं. फुस्स झालं, थांबलं, आणि काटा पुन्हा नको तिथेच जाऊन उभा राहिला.

प्रयोगशाळेच्या पार्किंगमध्ये, पांढरा कोट मातीला लागू नये म्हणून मांडीखाली गोळा करून ती पुढच्या चाकाशी उकिडवी बसली होती. काल संध्याकाळी गाडी निवल्यावर तिने चारही टायरमधली हवा तेहतीसवर आणून ठेवली होती. आत्ता या चाकात चाळीस होती. मागच्यात सदतीस. चाक रस्त्यावर घासून गरम होतं आणि आतला दाब वाढतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. घरापासून इथपर्यंत किती वाढायला हवा, ते तिने मांडून पाहिलं होतं. या आकड्यांशी ते काही केल्या जुळत नव्हतं.

उघड्या दारातून डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा दिसत होता. घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. कुठलं चाक, हवा कमी की जास्त, काही सांगायचं नाही. नुसतं बोंबलायचं.

"काय म्हणतोय पेशंट? ताप उतरला?"

मागे तराजू उभा होता. वजनकाटे तपासण्याच्या खोलीत तो इतकी वर्षं होता, की त्याचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं.

"चढलाय," ती म्हणाली. "रात्रीत चढतो."

"म्हणजे टायरमध्ये हवा आपोआप येते?"

"हो."

"बाहेरून आत?"

"ते ऐकायला कसं वाटतंय, ते मला माहितीये."

"नाही, चांगलंच आहे. फक्त पंक्चरवाल्यांच्या कानावर घालू नकोस. हाय खातील बिचारे." तो वाकून चाकाकडे बघू लागला. "गेज खोटं बोलत असेल."

"गेज मी तपासलंय. आपल्याच टेबलावर. दोनदा."

शहरातल्या निम्म्या कारखान्यांची दाबाची गेजेस तिच्या हाताखालून जायची. ती बरोबर म्हणाली की बरोबर आणि चूक म्हणाली की चूक, असा तिचा दबदबा होता.

"सकाळी निघायच्या आधी मोजतेस का?" तराजूने विचारलं.

ती गेज पुसत राहिली.

"संध्याकाळी मोजलेलं सकाळी कशाला बदलेल? बंद भांड्यातली हवा आहे ती."

"शिकाऊ पोरांनी हे उत्तर दिलं असतं ना, तर तू त्यांना उभं सोललं असतंस," तराजू म्हणाला आणि निघून गेला.

दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा ती मुळीच वैतागली नव्हती. उलट तिला जरा बरंच वाटलं होतं. आपल्याच विषयातलं कोडं आपल्याच गाडीत! हवा नीट करायची, रीसेटचं बटण दाबायचं, दिवा विझायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोलपंपाच्या पुढचा चढ ओलांडला की पुन्हा लागायचा. रोज तिथेच. मग तिने व्हॉल्व्ह बदलून घेतले. टायर पाण्यात बुडवून पाहिले. गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं, तेव्हा कळलं की या गाडीत हवा मोजणारं यंत्रच नाही. चारही चाकं सारख्या वेगाने फिरतायत का, एवढंच ती बघते, आणि त्यात फरक पडला की बोंब मारते. म्हणजे चाकाचाकांत फरक पडत होता. कशाने, ते पुस्तकात नव्हतं.

गॅरेजवाल्याने तर हातच जोडले होते. "ताई, खरं सांगू? त्यावर काळी पट्टी चिकटवून देतो. बाहेरून ओळखूसुद्धा येणार नाही."

"आणि खरंच हवा गेली तर?"

"गाडी स्वतःच सांगेल ना मग. एका बाजूला ओढेल."

त्यावर ती जे काही बोलली, त्यानंतर गॅरेजवाला तिला ताईऐवजी मॅडम म्हणू लागला.

एरवी तिने हे कोडं महिनाभर पुरवून पुरवून सोडवलं असतं. पण सोमवार तोंडावर आला होता. सोमवारपासून ती विभागाची प्रमुख होणार होती. कारखान्यांमध्ये जाऊन जागेवर तपासणी करायचं काम. प्रयोगशाळेची गाडी तिला उजाडतानाच कोपऱ्यावरून घेऊन जाणार. ही जागा तिने मागून, भांडून, एकदा नाकारली गेल्यावर पुन्हा अर्ज करून मिळवली होती. नवरा बोटीवर होता, त्याला परतायला अजून चार महिने होते. म्हणजे लेकीला, मुंगीला, शाळेत सोडणार कोण, हा एकच प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर घरात आरामखुर्चीत बसलं होतं: सासरे. सगळी हयात सरकारी बस चालवून निवृत्त झालेले, एकदाही कुणाला खरचटू न दिलेले. चाव्या हातात येण्याची ते वाट बघत होते. मागच्या सीटवर मुंगीसाठी उशी बांधून झाली होती, आरसे पुसून झाले होते.

आणि तिने सांगून टाकलं होतं, की हा दिवा लागलेला असेपर्यंत मुंगी त्या गाडीत एकटी बसणार नाही.

"एकटी कशी? मी असेन ना," ते म्हणाले होते.

"तसं नव्हे हो बाबा. टायरचा काही भरवसा नाही, तोवर नको."

"एवढासा पिवळा ठिपका! आमच्या बसला तर डॅशबोर्डच नव्हता धड."

"मग बसने न्या तिला. दारातून जाते शाळेपर्यंत."

"मी? बसने?" त्यांनी असं पाहिलं, जणू तिने त्यांना रांगत जायला सांगितलं होतं. "दुसरा कुणी गिअर खरवडतोय आणि मी मागे तिकीट धरून बसलोय. त्यापेक्षा पोरीला खांद्यावर घेऊन जाईन."

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ते पायरीवर बसून टॉमी पुसत होते. टॉमी म्हणजे टायर काढायचा लोखंडी गज. निवृत्तीच्या दिवशी डेपोने त्यांना घड्याळ दिलं होतं, ते कपाटात पडून होतं. टॉमी मात्र त्यांनी मागून आणली होती. रोज पहाटे फाटकापाशी उभ्या गाडीभोवती एक फेरी मारायची आणि चारही टायरवर टॉमी हाणायची, हा त्यांचा नेम होता. ठण, ठण, ठण, ठण. ती अंथरुणातून ऐकायची. समोरच्या घरातले मास्तर म्हणायचे की आम्ही गजर लावणं सोडून दिलंय.

"लागला?" त्यांनी विचारलं.

"लागला."

"हवाच कमी असणार."

"जास्त आहे बाबा! जास्त आहे, हाच तर घोळ आहे!" पर्स तिने पायरीवर आपटली. "मी मोजतेय ना? रोज मोजतेय. तुम्ही फक्त हात लावू नका त्याला. कुणीच लावू नका. मला एकदा नीट बघू द्या."

"बरं बाई." त्यांनी टॉमी भिंतीला टेकवली. "साहेबीण झालीस तू."

आतून मुंगी धावत आली. तिने आधी आजोबांची बाही धरून ओढली, त्यांची मान वळेपर्यंत ओढत राहिली, आणि मगच तोंड उघडलं. शाळेत कुणाचा तरी दात पडला होता.

"किती वेळा सांगितलं, आजोबांचे कपडे ओढू नकोस म्हणून?" ती मुलीवर खेकसली. मुंगीने बाही सोडली नाही.

चाकं निवल्यावर तिने चारही टायरची हवा तेहतीसवर आणली. बटण दाबलं. मग, तराजूचा राग आला तरी, पहाटेचा गजर लावला.

शनिवारी गजर व्हायच्या आधीच ठण झालं. ती गेज घेऊन दाराशी आली आणि तिथेच थांबली.

फाटकापाशी दिव्याच्या खांबाखाली बाबा पुढच्या चाकावर वाकले होते. त्यांनी टॉमी हाणली, मान कलती करून ऐकलं. पुन्हा हाणली. जीभ टाळूला लावून च्च केलं. मग डिकीतून, जुन्या पोत्याखालून, त्यांनी पायपंप काढला. नळी व्हॉल्व्हला लावली आणि एक हात बॉनेटवर टेकवून ते सावकाश पाय मारू लागले. मध्ये थांबून टॉमी हाणायची, ऐकायचं, पुन्हा पाय. पुढची दोन चाकं त्यांनी मनासारखी भरली. मागच्या चाकांपर्यंत पोचले तेव्हा दम लागला होता, तिथे थोडक्यात आटोपलं.

पुढे चाळीस, मागे सदतीस. आकडे तिच्या डोक्यात आपोआप जागेवर बसले आणि त्यामागोमाग संताप उसळून आला.

"बाबा!"

त्यांनी मान वर केली नाही. ती तरातरा त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली तेव्हा ते दचकले, आणि पंप पायाने मागे सारायचा त्यांनी एक केविलवाणा प्रयत्न केला.

"हे रोज करता तुम्ही? मी व्हॉल्व्ह बदलले. टायर पाण्यात बुडवले. गॅरेजवाल्याशी भांडले. ऑफिसात माझी टर उडवतायत! आणि तुम्ही रोज पहाटे..."

"अगं, ओरडतेस कशाला? हवा कमी होती."

"मी मोजून ठेवली होती!"

"रात्रीत जात असेल. मी म्हटलं, तुला दुखवायचं कशाला? गुपचूप थोडी भरावी, दिवा विझेल, तुला वाटेल तुझ्या मोजण्यानेच विझला." त्यांनी कपाळ पुसलं. "सोमवार आलाय ना. मला काय, दिवा विझल्याशी कारण."

तिने खाली बसून गेज लावलं. काटा एकोणचाळीसवर. तिने तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"काटा बिघडतो," ते म्हणाले. "कान बिघडत नाही. ऐक." त्यांनी टॉमी हाणली. "ऐकलंस? मऊ. अजून मऊच आहे. भरलेला टायर कसा बोलतो, घंटेसारखा."

टायर घंटेसारखाच बोलला होता. आवाज अजून फाटकाच्या गजांमध्ये रेंगाळत होता.

"पुन्हा मारा," ती म्हणाली.

त्यांनी मारली. "मऊ," ते म्हणाले.

तिचा राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. आधार काढून घेतल्यासारखा तो एकदम गेला. काल संध्याकाळची मुंगी तिच्या डोळ्यांपुढे आली, बाही धरून, मान वळायची वाट बघणारी.

तिच्या बघण्याचा अर्थ त्यांनी वेगळाच लावला. "विश्वास नाही ना? चल, डेपोची परीक्षा घे माझी."

"कसली परीक्षा?"

"वर्षातून एकदा असायची. एका टायरची हवा उतरवायची, दुसरा भरलेला ठेवायचा. ड्रायव्हरने पाठ करून उभं राहायचं. मागून जोडीदार टॉमी मारणार, आपण सांगायचं भरलेला की उतरलेला. चुकला त्याला स्टेअरिंग नाही. गाड्या धुवायला धाडायचे. शेवटची काही वर्षं परीक्षा मीच घ्यायचो." त्यांनी टॉमी तिच्या हातात दिली. "उतरव मागच्याची. चांगली उतरव."

"राहू द्या ना बाबा. चहा करते."

"भितेस काय? उतरव."

तिने मागच्या चाकाचं टोपण काढलं आणि व्हॉल्व्हची पिन दाबून धरली. हवा बराच वेळ सुसाटत राहिली. टायरचा खालचा भाग जमिनीवर पसरला. तोवर ते रस्त्याकडे तोंड करून, पाय जोडून, हात मागे बांधून उभे राहिले होते. सदऱ्याची कॉलर त्यांनी सरळ केली होती. मानेवरचे पांढरे केस न्हाव्याने नुकतेच नीट कापलेले होते, सोमवारसाठी असावेत.

तिने भरलेल्या टायरवर टॉमी हाणली. ठण झालं. समोर मास्तरांच्या घरात दिवा लागला.

ती दोन पावलं मागे आली आणि उतरलेल्या टायरवर हाणली. धप.

बाबा तसेच उभे होते. ती वाट बघत राहिली.

"मार की," ते म्हणाले. "केव्हाचा उभा आहे मी."

तिने टॉमी घट्ट धरली. थांबा हं, मारते, एवढंच ओरडून म्हणणं पुरलं असतं. मग पुढे येऊन, त्यांच्या कानाजवळ, पाहिजे तेवढ्या जोराने मारता आली असती. दर आठवड्याला ती कुणा ना कुणाच्या गेजवर नापासाचा शिक्का मारायची आणि पुढचं गेज उचलायची.

आवाज आला नाही म्हणून ते वळले. त्यांनी टॉमी पाहिली, ती कुठल्या चाकाशी टेकलीय ते पाहिलं. मग पुढच्या चाकाकडे पाहिलं. तिथे रबरावर धुळीत ताजा वळ उमटला होता. मागच्यावरही होता.

"दोन्ही मारलेस?"

तिने होकारार्थी मान डोलावली.

मास्तर खिडकीत आले, दोघांना बघून हात हलवला आणि आत गेले. बाबांनी खाली बसून पंपाची नळी गुंडाळली. नीट बसेना म्हणून सोडून पुन्हा गुंडाळली.

"म्हणजे दिवा मीच लावत होतो म्हण की," ते म्हणाले.

"बाबा, कानाचे डॉक्टर असतात. यंत्र मिळतं. आता इतकं बारीक मिळतं, दिसतसुद्धा नाही."

"हं." त्यांनी हात पुढे केला. "दे तुझं ते गेज. कुठे बघायचं यात?"

चारही टायर त्यांनीच भरले, चष्मा लावून, काट्यावर नजर ठेवून. तेहतीस म्हणजे तेहतीस. केसभर पुढे गेला तर पिन दाबून मागे आणत होते. उजाडेपर्यंत काम चाललं. ती शेजारी टोपणं धरून बसली होती. एकदा वाटलं, काहीतरी बोलावं, पण जे सुचत होतं ते सगळं मोठ्याने म्हणावं लागलं असतं.

"आता चालवून बघू," ते म्हणाले. "तुझ्या त्या चढापर्यंत."

झोपेतल्या मुंगीला उचलून तिने मागच्या सीटवर निजवलं. बाबा डाव्या दाराकडे गेले आणि तिच्या शेजारी बसले. पट्टा त्यांना पटकन सापडला नाही. या बाजूने तो कधी ओढलाच नव्हता.

रस्ते मोकळे होते. तिने बटण दाबून गाडी काढली. पहिल्या वळणापाशी बसथांबा होता, तिथे दूधवाला किटल्या मांडून बसला होता.

"सोमवारी आम्ही दोघं पहिल्या बसने जाऊ," बाबा काचेतून बाहेर बघत म्हणाले. "पहिलीला गर्दी नसते. तू तुझ्या कामाला जा."

"चालेल तुम्हाला?" तिने विचारलं. मग त्यांच्याकडे वळून पुन्हा विचारलं.

"अगं, रस्त्याकडे बघ," ते म्हणाले.

पेट्रोलपंप आला. त्यापुढचा चढ आला. दोघंही डॅशबोर्डकडे बघत होते. गाडी चढ चढली, पलीकडे उतरली.

"लागला?"

"नाही."

"इथेच लागायचा ना?"

"इथेच."

"थोडं पुढे घे," बाबा म्हणाले. "कधी कधी उशिराही लागत असेल."

असा उशीर होत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. हवा सारखी होती, चाकं सारखी फिरत होती, गाडीला काहीच झालेलं नव्हतं. परत फिरायचा चौक समोर आला. तिने गाडी सरळ घेतली, आणि दिव्याच्या त्या काळ्या जागेवर नजर ठेवून, जरा वेग वाढवला.